बोलपटातला मुका प्रवेश

रत्नागिरी,
रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९३७

प्रिय रघू,

तुझी तीन पत्रं आली, एकालाही मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, ताई आपल्या बोलपटावर रुसली. मी रुसले नव्हते. मला तुझा संशय येत होता. आणि तो आजकालचा नाही. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुराहून तुझं पत्र आलं होतं, ‘ताई, आमच्या कंपनीला तुझी कादंबरी हवी आहे, बोलपटाचं दिग्दर्शन मीच करणार आहे’, त्या दिवसापासूनचा आहे. आज शाळेला सुट्टी आहे. आमच्या शिपाईणीला, चिमाला, सांगून ठेवलंय की कोणी आलं तर बाई घरात नाहीत म्हण. दार लावून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. तू ते एकट्याने वाच.

मला पहिला प्रश्न पडला तो हा, की माझंच पुस्तक का? अकरा वर्षांपूर्वी छापलेलं, एका शाळामास्तरणीचं पहिलं आणि शेवटचं पुस्तक. दोन मासिकांनी बरं म्हटलं, मग सगळे विसरले. बोलपटवाल्यांना राजे लागतात, साधुसंतांचे चमत्कार लागतात. रत्नागिरीच्या बंदरात आगबोटीकडे उतारू नेणारा एक मचवा बुडतो आणि पाच माणसं जातात, यात त्यांना काय गवसणार? मग वाटलं, कंपनीला नाही, तुलाच ते हवं असणार. त्या पाचांत तुझे वडील होते, माझे लवूमामा. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा राहीमामी तुला घेऊन आमच्याकडे आली. पाटीवरची पहिली अक्षरं तू माझ्या हाताने गिरवलीस. पुढे मी रत्नागिरीला शिक्षिका झाल्यावर माझ्याकडे राहून इथल्याच शाळेत गेलास. कादंबरीची हाताने लिहिलेली पानंही सगळ्यांत आधी तूच वाचलीस, तेव्हा अठरा वर्षांचा होतास. वाचून झाल्यावर वही मिटलीस आणि एवढंच म्हणालास, ‘मचवा हाकणाऱ्या त्या तांडेलाला फाशीच द्यायला हवी होती.’ मी तव्यावरची भाकरी उलटली.

म्हणून तुझ्या पत्राला होकार देताना मी तीन अटी घातल्या. एकही प्रकरण गाळायचं नाही, प्रेमाची भानगड घुसडायची नाही, तांडेलाच्या तोंडी गाणं घालायचं नाही. उलट टपालाने तू लिहिलंस, ‘कबूल’. लहानपणी तुला आंघोळीला पाठवायचं तरी अर्धा तास वाद घालायचास, आणि इथे एका शब्दात कबूल! त्या शब्दाने माझा संशय दुप्पट झाला.

फेब्रुवारीत तुमची माणसं यंत्रं घेऊन आली, बंदरावर तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी चिमा सांगत आली, ‘बाई, ती कोल्हापूरची माणसं राजिवड्यात जमाल तांडेलाच्या आळीत शिरली. कायतरी विचारीत व्हती.’ कादंबरीत मी तांडेलाचं नाव बदललं होतं, पण गावाला काय, सगळं माहीत. चौकशीत त्याचा परवाना गेला. ज्या माणसाच्या हाताखाली आठ खलाशी होते तो उरलेला जन्म दुसऱ्यांची जाळी सांधत बसला. त्याच्या आळीत तुमचं काय काम? तू दोन दिवस माझ्याकडे राहिलास, पण त्याविषयी अवाक्षर काढलं नाहीस. फक्त जेवताना, मान खाली घालून, विचारलंस, ‘ताई, बाबा त्या दिवशी शेवटचं काय बोलले गं?’ मी म्हटलं, ‘वारा होता, ऐकू आलं नाही.’ तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी क्षणभर, आणि आणखी सार मागितलंस.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. तू बंदरावर गेल्यावर मी तुझी पिशवी उघडली. मुलींच्या दप्तरात हात घालू नये म्हणून नव्या शिक्षिकांना बजावणारी मी, दाराला कडी लावून तुझ्या पिशवीत शोधत होते. माझं पुस्तक मिळालं, शिवण सुटलेलं, पानापानावर पेन्सिलीच्या रेघा. एक वही मिळाली. तिच्या पहिल्याच पानावर तुझ्या अक्षरात एक ओळ होती, खाली दोनदा रेघ मारलेली: ‘ताईला विचारायचं नाही.’ काय विचारायचं नाही ते पुढे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी सगळं होतं तसं ठेवलं. संध्याकाळी तू आलास, मी तुला चहा दिला, आणि दोघंही हवापाण्याचं बोललो. तू परत गेल्यावर वाटलं, हा मुलगा बापाचा सूड घ्यायला निघालाय. फक्त कोणावर, ते मला ठरवता येईना.

सप्टेंबरात बोलपट रत्नागिरीत लागला. इथे कायमचं थेटर नाही हे तुला ठाऊक आहे. बाजारामागच्या पत्र्याच्या वखारीत पडदा बांधला होता, दारांना काळी कापडं, आत भट्टीसारखा उकाडा. आपल्या बंदराचं चित्र म्हणून लोक लोटले. हर्णेहून माणसं होडीने आली. पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला मी शाळेतल्या कमळाबाईंना घेऊन गेले. हातात कागद होता, त्यावर एकोणीस प्रकरणांचे आकडे. जे पडद्यावर दिसेल त्यावर अंधारात चाचपून खूण करायची असं ठरवून बसले होते. मुलींना मी उतारा नक्कल करायला देते आणि जितके शब्द गळले तितके गुण कापते. पुस्तकाचा बोलपटही तसाच तपासायचा, असंच माझ्या मनात होतं.

पहिल्या अर्ध्या तासात तू नापास झालास. देवळातलं प्रकरण नाही, मुंबईची दोन प्रकरणं नाहीत, आणि मासे वाळत घालणाऱ्या बायकांच्या तोंडी चक्क एक गाणं! मी रागाने कमळाबाईंच्या कानाशी लागले, ‘हे माझं नाही.’ त्या म्हणाल्या, ‘अहो बघू द्या ना.’ मग हळूहळू माझा हात थांबला. समुद्र पालटतो त्याला मी सात पानं खर्ची घातली होती. तू काय दाखवलंस, तर धक्क्यावर एक म्हातारी टोपली डोक्यावरून उतरवते आणि पदर कमरेला खोचते, बस्स. मला आठवलं, खरंच, बायका तसंच करायच्या, आणि ते सात पानांत कुठेही नव्हतं. मला हेवा वाटला. आणि हेवा वाटला म्हणून संशय आणखी वाढला. ज्याला इतकं दिसतं त्याला आणखी काय काय दिसलं असेल?

मग तो धक्क्यावरचा प्रवेश आला. पुस्तकात मी लिहिलं होतं की वारा फिरल्यावरही तांडेल शेजारच्या मचव्याशी ईर्ष्या करतो, ‘तो गेला तर मी का नको’ म्हणतो, आणि सोळा उतारूंसह मचवा लोटतो. पडद्यावर शेजारचा मचवा परत फिरला. तुझा तांडेलही शीड गुंडाळायला लागला. उतारू कुरकुरत सामान उचलू लागले. तेवढ्यात एक मुलगी उठली. पुस्तकात धक्क्यावर ही मुलगी फक्त एका ओळीत आहे, ‘नाकीडोळी नीटस, हातात छत्री’. ती तांडेलाजवळ गेली आणि त्याला काहीतरी सांगू लागली. तिचे ओठ हलत होते, आणि ऐकू येत होता फक्त वारा. सगळा बोलपट बोलतो, गातो, रडतो, आणि तेवढा प्रवेश मुका. तांडेलाने तिच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि गुंडाळलेलं शीड सोडलं. कमळाबाईंनी विचारलं, ‘बाई, हे पुस्तकात कुठे होतं हो?’ मला उकाड्याने चक्कर येतेय असं त्यांना सांगून मी बाहेर पडले. शेवट मी त्या दिवशी पाहिलाच नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं, वकील करीन, माझं नाव काढून टाका, वगैरे. त्यातली भाषा माझी मलाच आठवून कसंतरी होतं. पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता: ‘तुला हे कोणी सांगितलं?’ पत्र टाकून आल्यावर मी गावातल्या एकेका माणसाकडे संशयाने पाहू लागले. चिमा माझ्याशी बोलताना पदर का सावरते? त्या मचव्यातून वाचलेली गंगा वाणीण परवा देवळात माझ्याकडे बघून का हसली? आणि सगळ्यांत वर जमाल तांडेल. त्यानेच सांगितलं असणार. चोवीस वर्षं गप्प बसला, आणि बोलपटवाले दारात आल्यावर बोलला.

तुझं उत्तर आलं ते मला पाठ आहे. ‘ताई, मला कोणीही काहीही सांगितलेलं नाही. अकरावं प्रकरण काढ. चौकशी संपल्यावर तांडेल कचेरीच्या आवारात त्या मुलीला गाठतो आणि विचारतो, बाय, तुमचे वडील कसे आहेत? त्याआधीच्या दहा प्रकरणांत तिच्या वडिलांचं नावही नाही. ते वाक्य ज्या नटाला बोलायचं होतं त्याने मला विचारलं, माझा भाऊ बुडाला, माझा परवाना गेला, आणि मी एका परक्या मुलीला पहिलं हे का विचारतो? मला सांगता येईना. तेव्हा मी त्या वाक्यापासून एकेक पान मागे गेलो आणि धक्क्यावर येऊन थांबलो. ती त्याच्याशी काहीतरी बोलली असणार, वडिलांविषयी. काय बोलली ते पुस्तकात नव्हतं, म्हणून मी ते ऐकू येऊ दिलं नाही. तुला विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि ते मला खरं मानावं लागलं असतं.’

मी पुस्तक काढलं. ओळ होती. रघू, मी ती तिथे ठेवली हे मलाच माहीत नव्हतं. त्या माणसाचं सगळं मी बदललं होतं, नाव, वय, स्वभाव, त्याच्या माथी ईर्ष्या मारली. पण तो कचेरीच्या आवारात जे बोलला ते माझ्या कानात इतकं बसलं होतं की लिहिताना हातातून आपोआप उतरलं. छापणाऱ्याला दिसलं नाही, परीक्षण लिहिणाऱ्यांना दिसलं नाही. तू माझी प्रकरणं गाळलीस म्हणून मी गुण कापत बसले होते, आणि तू मात्र मी जे गाळलं होतं तेवढंच शोधत होतास.

तर आता ऐक. १९१३ चा मे संपत आला होता. आगबोटीची मुंबईला जाणारी त्या मोसमातली शेवटची फेरी, तिथून पुढे पुण्याला रेल्वे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझं नाव लागलं होतं आणि जूनच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. वडिलांनी बजावलं होतं, यंदा गेलीस तर गेलीस, नाहीतर पावसाळ्यानंतर लग्न. घाटाने बैलगाडीतून जायचं तर पाच-सहा दिवस, तोवर तारीख टळली असती. लांज्याकडच्या आमच्या गावाहून लवूमामा मला पोचवायला आला होता. धक्क्यावर आलो तर आगबोट लांब उभी, वारा फिरलेला, आणि जमाल तांडेल शीड गुंडाळतोय. म्हणाला, ‘आज नाय. दर्या बरा नाय.’ लोक परत फिरू लागले. मी सतरा वर्षांची होते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती आगबोट होती. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, माझे वडील मुंबईत मरणाला टेकलेत, तार आलीय, आज नाही पोचले तर तोंड दिसायचं नाही. माझे वडील त्या वेळी गावी शेताच्या बांधावर जांभ्याचे दगड रचत होते, अगदी ठणठणीत.

लवूमामा माझी पेटी घेऊन मागेच उभा होता. त्याने ऐकलं. तो हळूच म्हणाला, ‘सावित्री, असं बोलू नये गो.’ मग तांडेलाला खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने मिटलं. पेटी मचव्यात ठेवली आणि मागोमाग स्वतः चढला. एकटं कसं जाऊ देणार होता तो मला! तू विचारलं होतंस ते त्याचं शेवटचं बोलणं हे. मला तेव्हाही नीट ऐकू आलं होतं.

अर्ध्या वाटेवर मचवा आडवा झाला. पाण्यात माझे केस धरून मला वर काढलं ते जमालने. त्याचा धाकटा भाऊ अकबर दुसऱ्या बाजूला होता, त्याला धरायला कोणी नव्हतं. मामा मला दिसलाच नाही. चौकशीत साहेबाने मला विचारलं, तांडेलाने मचवा का लोटला? मी म्हटलं, मी मागे बसले होते, मला माहीत नाही. जमालला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मला वाटलं, पोचवीन.’ माझं नाव त्याने घेतलं नाही. मग आवारात मला गाठून त्याने ते विचारलं. मी म्हटलं, ‘बरे आहेत.’ त्याने दुवा मागतात तसे दोन्ही हात वर करून तोंडावरून फिरवले आणि निघून गेला. पुढल्या वर्षी वडिलांनीच मला पुण्याला पाठवलं, मामाचा जीव फुकट जाऊ नये म्हणून. शिकले, शिक्षिका झाले, मुख्य बाई झाले. आणि तेरा वर्षांनी पुस्तक लिहिलं ते त्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी. तो दोषी नसता तर कोण होतं, हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून.

तुझं उत्तर वाचूनही माझा संशय गेला नव्हता, हे सांगायलाच हवं. रघू खोटं लिहितोय, जमालने सांगितलंच असणार, असं म्हणत मी बोलपटाच्या तिसऱ्या आठवड्यात राजिवड्यात गेले. त्याची मुलगी फातिमा दारात मासळी निवडत होती. आत खाटेवर तो. दोन्ही डोळे गेलेत. बायको, रझिया, चार वर्षांपूर्वी वारली. मी मुलींच्या शाळेची बाई म्हणून सांगितलं, आणि आडून आडून विचारलं की बोलपटवाले भेटले का. तो हसला. ‘माझ्याकडं कोण येतंय? पलीकडं मचवा भाड्यानं मागायला आली व्हती, तशीच गेली.’ म्हणजे माझा शेवटचा संशयही पोकळ निघाला. मी उठले, तर तो म्हणाला, ‘बाई, त्या खेळात मी हाय म्हणतात. फातिमाला एकटीला न्यायला धीर होत नाय. तुम्ही न्याल?’ नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं. चोवीस वर्षं कारणं सापडत होती, त्या दिवशी एक सापडेना.

चौथ्या रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. वखारीच्या दारावर महिपत होता, त्याच्या दोन्ही मुली आमच्याच शाळेत आहेत. ‘बाई, बायकांच्या बाजूला पुरुष माणूस चालत नाय.’ मी म्हटलं, ‘त्यांना दिसत नाही, महिपत.’ ‘मग खेळ कशाला बघायचा?’ ‘ऐकायचाय.’ त्याने भिंतीकडेच्या तीन खुर्च्या मोकळ्या करून दिल्या. फातिमा बापाच्या कानात हळूहळू सगळं सांगत होती आणि तो मान डोलवत होता. मध्येच म्हणाला, ‘दोर भिजवला नाय. कोरडा करकरतोय.’ आजूबाजूची माणसं हसली. मला वाटलं, सुटले. मग वारा सुरू झाला.

‘बाबा, एक पोर उठली. तुमच्याजवळ आली. बोलतेय.’ ‘काय बोलतेय?’ ‘ऐकू येत नाय.’ तो खुर्चीत पुढे सरकला. कान पडद्याकडे केला. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. मग तो भर वखारीत मोठ्याने म्हणाला, ‘काय बोलली ती? कोणी ऐकलं काय? ती पोर काय बोलली?’ माणसं वळून पाहू लागली. कोणीतरी शुक् शुक् केलं. फातिमाने माझ्याकडे पाहिलं, बाई तुम्हीच सांगा, अशा नजरेने. ज्यांना दिसत होतं ते त्या मुलीचा चेहरा पाहून आपापल्या मनाने काहीतरी समजून घेत होते. त्याच्या वाट्याला तेवढंही नव्हतं.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. ‘ती म्हणाली, वडील मुंबईत मरायला टेकलेत. ते खोटं होतं. वडील घरी होते. ती मुलगी मी.’ त्याने विचारलं, ‘आजारी व्हते?’ मी म्हटलं, ‘नाही.’

खेळ संपून बाहेर आल्यावर फातिमाने त्याला पायरीवर बसवलं. तो माझ्या बाजूला तोंड करून म्हणाला, ‘मी रझियाला सांगायचो, अकबर गेला, चार परकी माणसं गेली, पण एक लेक बापाला भेटली. ती मरेतोवर तेवढंच धरून व्हती. आता अकबर कशाला गेला म्हणून सांगू?’ मी त्याच्या पायांना हात लावला. त्याने पाय मागे घेतले. ‘मला काय नको तुमचं,’ तो म्हणाला. ‘लवूच्या पोराला सांगा. शाळेत जाताना मला बघून थुंकायचा. बाप गेलेला पोर, मी काय बोलणार? पण त्याला सांगा.’ मग फातिमाचा हात धरून उठला आणि दोघं गर्दीतून राजिवड्याच्या वाटेला लागली. त्यानंतर मी दोनदा त्याच्या दारी गेले. दोन्ही वेळा फातिमा दारातच म्हणाली, बाबा झोपलेत.

म्हणून हे पत्र. उद्या सोमवारी मी बंदराच्या कचेरीत जाऊन लेखी जबानी देणार आहे, की १९१३ च्या चौकशीत मी खोटं बोलले. त्याची एक प्रत राजिवड्यातल्या जमातीला देणार आहे, एक आमच्या शाळेच्या कमिटीला. मला बाई म्हणून ठेवतील की नाही, ते त्यांनी ठरवावं. चार दिवसांत ही गोष्ट टपालाने किंवा माणसांच्या तोंडून कोल्हापूरला पोचेल, आणि तुझ्या वडिलांच्या मृत्यूचं कारण तुला तिसऱ्याच कोणाकडून कळू नये, ते माझ्या हातून कळावं. राहीमामीला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव, मला ते ठरवायचा हक्क राहिलेला नाही. तुझ्या तिसऱ्या पत्रात तू विचारलंस की कंपनी हा बोलपट हिंदीतही काढतेय, मालक म्हणतात मुका प्रवेश लोकांना कळत नाही, त्या मुलीच्या तोंडी वाक्य हवं, तर तू कोणतं सुचवशील. तो प्रवेश मुका आहे म्हणूनच सुंदर आहे, हे मला कळतं. तरीही वाक्य घाल. वर लिहिलं आहे तसंच, वडील, तार, तोंड दिसायचं नाही, एक शब्द न बदलता, कोणत्याही भाषेत. वारा बंद कर आणि तिला स्पष्ट बोलू दे, शेवटच्या रांगेतल्या, डोळे गेलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतकं. आणि मामाचं वाक्यही घाल. तुझ्या बोलपटात तुझ्या वडिलांना मी एक शब्दही बोलू दिला नव्हता.

तुझीच, तुला हे नातं पुढे मान्य असेल तर,
सावित्रीताई